तिसऱ्या फेरीचा आकडा

बाळाला दर अडीच तासांनी भूक लागायची, आणि गाडीला रोलरवर चढवून, पट्ट्यांनी जखडून, नीट तापवायलाच पाऊण तास जायचा. या दोन वेळापत्रकांचा मेळ बसवायचा म्हणून भिंगरीने आईला वर्कशॉपमध्ये सोबत आणलं होतं. बाळ पाच महिन्यांचं आणि भिंगरीचा रजेनंतरचा कामाचा पहिला दिवस.

भिंगरी हे घरातलं नाव. रांगायला लागल्यापासून पोरगी एका जागी टिकेल तर शपथ. वर्कशॉपमध्ये मात्र तिला सगळे ‘मॅडम’ म्हणतात हे आईला आजच कळलं, आणि ते ऐकून तिने उगाचच बाळाचं सरळ असलेलं टोपडं पुन्हा सरळ केलं. लेक मोटारींच्या कॉम्प्युटरचं काहीतरी करते, एवढंच तिला ठाऊक होतं. स्वतः ती तीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेली बाई. चाकं फिरतात आणि काहीतरी शिवलं जात नाही, असं यंत्र तिने जवळून पाहिलंच नव्हतं.

तिला बसायला टायरांच्या दोन ढिगांमध्ये एक बाक मिळाला. समोर भिंतभर काच, आणि काचेपलीकडे ती खोली, जिच्याबद्दल भिंगरी सात महिने घरात बोलत होती. जमिनीत चार रोलर, त्यांवर गाडीची चाकं चढवायची. गाडी जागच्या जागी ताशी शंभरने पळणार आणि तसूभरही पुढे जाणार नाही. समोर पुरुषभर उंचीचा पंखा. बाजूला टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि लॅपटॉपमधून निघून थेट गाडीच्या स्टिअरिंगखाली जोडायची एक तार.

मालक दारातच भेटले. पोट सुटलेले, आवाज मोठा, मनाने वाईट नव्हेत.

“आलीस? बरं झालं. पण खोलीचं आज काही सांगत नाही बाई मी. तू नव्हतीस तेव्हा याने गड राखला. भिंत बघ.”

भिंतीवर ग्राफ टाचलेले होते. प्रत्येक कागदावर एक चढती रेघ, रेघेच्या शेंड्याला आकडा, खाली सही. ज्याची फाइल त्याची सही, हा या वर्कशॉपचा नियम. गेल्या सात महिन्यांतल्या कागदांवर एकच सही होती, उजवीकडे लांब शेपूट असलेली. ती मालकांशेजारी उभ्या असलेल्या नव्या माणसाची. कुठल्याही इंजिनातून आधीच्यापेक्षा मोठा आकडा काढतो म्हणून त्याचं नाव पडलं होतं विक्रमवीर. बूट पांढरे स्वच्छ. आईच्या मनात आलं, याच्या घरी धुणारं कोणीतरी आहे.

“खोली एक, माणसं दोन,” मालक म्हणाले. “घोडेवाल्या बाईंची गाडी आलीय, तीच तक्रार घेऊन, तिसऱ्यांदा. ती तक्रार मिटव. आणि आकडा खाली येता कामा नये. याने एकशे अठ्ठ्याऐंशी घोड्यांची ताकद काढलीय त्या इंजिनातून. जमलं तर खोली तुझी. नाही जमलं तर काउंटरवर बस, फोन घे, लोकांना तारखा दे. बाळालाही सोयीचं पडेल.”

शेवटचं वाक्य त्यांनी मायेनेच म्हटलं होतं, म्हणून तर ते जास्त लागलं. भिंगरीने फक्त “बरं” म्हटलं. तिचं हे ‘बरं’ आईच्या चांगलं ओळखीचं होतं. दहावीत हिला गणित झेपणार नाही असं एका बाईंनी सांगितलं, तेव्हाही ती असंच ‘बरं’ म्हणाली होती.

घोडेवाल्या बाई गुडघ्यापर्यंतच्या बुटांत आल्या. स्वेटरला गवताच्या काड्या चिकटलेल्या. डोंगरावरच्या शाळेत मुलांना घोड्यावर बसवायला त्या दर आठवड्याला दोन घोडे गाडीमागच्या ट्रेलरमध्ये घालून घाट चढतात.

“सपाटीवर वाऱ्यासारखी पळते हो,” त्या म्हणाल्या. “घाटातसुद्धा पहिली दहा मिनिटं ठीक. मग तिला काय होतं देव जाणे, रुसूनच बसते. मागचे हॉर्न मारतात, माझे घोडे बिथरतात. पुढे एकशे अठ्ठ्याऐंशी म्हणता आणि मागे माझे दोन. ओढायची वेळ आली की मागचे दोनच खरे वाटतात.”

“गिअर उशिरा बदलत असाल,” विक्रमवीर नम्रपणे म्हणाला.

“चोवीस वर्षं चालवतेय रे. तू रांगत होतास तेव्हापासून.”

मालकांनी हसू दाबलं. भिंगरी हसली नाही. ती विचारत होती, घाटात काटा कितीवर असतो, पाय किती दाबलेला असतो, किती मिनिटं, तेव्हा ऊन असतं का. एवढं तर आई पहिल्या मापाला आलेल्या बाईलाही विचारत नाही.

गाडी रोलरवर चढली, पट्टे आवळले गेले, इंजिन तापायला लागलं.

“आई, ये आत. तापेपर्यंत दाखवते तुला. बाळ दे इकडे.”

लॅपटॉपवर चौकोनांचा तक्ता होता. प्रत्येक चौकोनात आकडा, एका कोपऱ्यात निळे, सरकत सरकत दुसऱ्या कोपऱ्यात लालभडक.

“हा तर भरतकामाचा नमुना वाटतोय,” आई म्हणाली.

“तसाच समज. आडवं मोजलं की इंजिन किती जोरात फिरतंय, उभं मोजलं की त्याच्यावर ओझं किती. गाडीतला कॉम्प्युटर एका सेकंदात कितीतरी वेळा बघतो, आपण आत्ता कुठल्या चौकोनात आहोत? आणि तिथे जो आकडा लिहिलाय त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. हा दुसरा तक्ता ठिणगीचा. ठिणगी किती आधी टाकायची ते इथे.”

“आणि तू काय करतेस?”

“मी चौकोनांतले आकडे बदलते. गाडी तीच, इंजिन तेच.”

“एवढ्यासाठी तुला मॅडम म्हणतात?”

“एवढ्यासाठीच,” भिंगरी म्हणाली आणि बाळाच्या मानेत नाक खुपसून हसली.

“मग कंपनीने लिहिलेले आकडे चुकीचे असतात का?”

“चुकीचे नाही गं. सगळ्यांना होतील असे असतात. रेडीमेड.”

“रेडीमेडचं नाव काढू नकोस माझ्यापुढे.”

“तेच तर. ठिणगी जरा आधी टाकली की जोर वाढतो. फार आधी टाकली की आतलं पेट्रोल भलत्या वेळी पेटतं, हातोडीने ठोकल्यासारखी टकटक होते. ती फार वेळ चालली तर पिस्टन फुटतो, इंजिन संपलं. म्हणून इंजिनाच्या अंगाला एक कान बसवलेला असतो. त्याला टकटक ऐकू आली की कॉम्प्युटर घाबरून ठिणगी मागे ओढतो. इंजिन वाचतं, जोर जातो.” तिने बाळाला परत आईकडे दिलं. “मला वाटतं, हिचं घाटात तेच होतंय. पण वाटून काय उपयोग? दिसलं पाहिजे.”

आई बाहेर येऊन काचेपाशी उभी राहिली. बोलणं ऐकू यावं म्हणून दार जरा किलकिलं ठेवलं होतं.

आधी भिंगरीने विक्रमवीराची फाइल, म्हणजे त्याने भरलेले तक्ते, होती तशी ठेवून गाडी ओढून पाहिली. पंखा पूर्ण जोरात, पाय पूर्ण दाबलेला, आठ सेकंद. खोली थरथरली, बाकाखालची जमीन थरथरली, बाळाने डोळे मोठे केले. पडद्यावर रेघ चढली. एकशे अठ्ठ्याऐंशी.

“बघा,” विक्रमवीर म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग भिंगरीने एक गोष्ट केली. पंखा हळू केला. काटा घाटातल्या जागी आणला, पाय घाटातल्याइतका दाबला, रोलरना ओझं धरून ठेवायला लावलं, आणि नुसती बसून राहिली. कानाला मोठे गोल हेडफोन. त्यांतून निघालेली रबरी नळी एका चपट्या ठोकलेल्या तांब्याच्या नळीला जोडलेली आणि तांब्याची नळी इंजिनाला स्क्रूने घट्ट. एवढ्या कॉम्प्युटरांत ती तांब्याची नळी डॉक्टरांच्या नळीसारखी साधी दिसत होती. कॉम्प्युटरचा कान आहेच, पण भिंगरीला स्वतःच्या कानाने ऐकायचं होतं.

पाच मिनिटं काही झालं नाही. मालकांनी घड्याळ पाहिलं. आठव्या मिनिटाला भिंगरीची मान किंचित कलली. घरी पाळण्यात बाळाचा श्वास बदलला की भिंतीपलीकडून तिची मान अशीच कलते. आईला बाहेर काही ऐकू आलं नव्हतं. पण पडद्यावर ओढीचा आकडा उतरायला लागला, पायऱ्या उतरावा तसा, थांबत थांबत.

भिंगरीने हेडफोन काढून विक्रमवीराच्या हातात दिले. त्याने ऐकलं. चेहरा जरा उतरला, मग सावरला.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “कान थोडा बहिरा करू. फाइलमध्ये एकच आकडा बदलायचा. कॉम्प्युटर घाबरणार नाही, ठिणगी मागे जाणार नाही. भिंतीवर एकशे अठ्ठ्याऐंशी, घाटातही एकशे अठ्ठ्याऐंशी.”

मालकांनी भिंगरीकडे पाहिलं. त्यांना ते पटलं होतं, हे आईलासुद्धा दिसलं. तक्रारही मिटणार, आकडाही राहणार. एकच आकडा. आईच्या मनात आलं, बदल गं बाई, मिळव ती खोली, दुपारपर्यंत घरी जाऊ. आणि असं मनात आल्याबद्दल तिला लगेच कसंतरी झालं.

“कान बहिरा केला म्हणून टकटक थांबत नाही,” भिंगरी म्हणाली. “फक्त ऐकू येत नाही. मग कुठल्यातरी वळणावर, मागे दोन जिवंत घोडे असताना पिस्टन फुटेल. त्या कागदावर मी सही नाही करायची.”

“मग तू काय करणार?” मालक.

“घाटातले चौकोन घाटाच्या उष्णतेत लिहिणार. एकेक.”

आणि ती लिहायला बसली. तापलेल्या इंजिनावर ओझं धरायचं, ठिणगी अर्धा अंश पुढे, ओढ वाढली का? वाढली. आणखी अर्धा. ऐक. अजून अर्धा. आता वाढ थांबली, की लगेच एक अंश मागे यायचं आणि तिथे आकडा पक्का करायचा. मग शेजारचा चौकोन. शेजाऱ्यांत फार फरक नको, नाहीतर गाडी एकातून दुसऱ्यात जाताना हिसका देईल. असे सोळा चौकोन. उष्णता धरून ठेवायची. मध्येच उठलं की इंजिन थंड, आणि पुन्हा पाऊण तास.

सातव्या चौकोनाला बाळ उठलं.

आईने चालवून पाहिलं, टायरांच्या ढिगांमधून फिरवून पाहिलं, चावी वाजवून पाहिली. बाळाला चावी नको होती. रडणं काचेला भिडायला लागलं. आत भिंगरीने हेडफोन घातलेले, तिला ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी तिच्या निळ्या डगल्यावर छातीपाशी एक ओला डाग उमटला आणि हळूहळू पसरला. तिने एकदा खाली पाहिलं, एकदा काचेकडे पाहिलं. बोटं थांबली नाहीत. आईने बाळाला उंच धरून तिला दाखवलं आणि हाताने खूण केली, मी आहे, तू तुझं चालू दे.

कितीतरी वर्षांपूर्वी लग्नाचे सात कपडे दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे होते आणि ही भिंगरी यंत्राखाली पायडलपाशी बसून भोकाड पसरत होती. तेव्हा आपल्याला कोणी अशी खूण केली नव्हती. आईने बाळाला छातीशी धरलं आणि रोलरांच्या घरघरीच्या लयीत डोलू लागली. बाळाला गाडीची लय पटली. हुंदके लांब लांब होत गेले. काचेपलीकडे नववा, दहावा, बारावा. आईसुद्धा मोजायला लागली होती, भिंगरीच्या ओठांवरून. आकडा पक्का झाला की ती ओठ मिटायची.

सोळाव्यानंतर इंजिनाचा आवाज खाली आला. भिंगरी बाहेर आली ती सरळ बाळाकडे. टायरांच्या ढिगाआड, पाठमोरी, रिमच्या खोक्यावर बसून तिने त्याला घेतलं. बाळ घटाघटा पीत होतं, आणि तिच्या केसांना पेट्रोलचा वास येत होता.

“झालं?” आईने विचारलं.

“झालं. पण आकडा कमी येणार.”

“किती?”

“बघू.”

एकशे एकोणऐंशी आला. पूर्ण पंख्यात, आठ सेकंद. ग्राफ छापून निघाला, मालकांनी तो भिंतीवरच्या कागदाशेजारी धरला आणि सुस्कारा टाकला.

“नऊ कमी. काय सांगू मी लोकांना? सात महिन्यांनी आमच्या मॅडम आल्या आणि नऊ घोडे पळाले?”

विक्रमवीर जमिनीकडे बघत होता. तो हसला असता तर आईला बरं वाटलं असतं, त्याचा राग तरी करता आला असता.

“साहेब, माझं एवढंच ऐका,” भिंगरी म्हणाली. “दोन्ही फाइली प्रत्येकी तीनदा, लागोपाठ ओढा. मध्ये थंड करायचं नाही. आधी त्याची. मग गाडी निवू देऊन, पुन्हा पहिल्याइतकी तापवून माझी. तुम्हीच पाय दाबा. मी हात लावत नाही.”

“तीनदा कशाला?”

“बाईंचा घाट आठ सेकंदांचा नाही.”

घोडेवाल्या बाई म्हणाल्या, “बरोबर बोलतेय ती.” आणि बाकावर आईशेजारी येऊन बसल्या.

मालक स्वतः स्टिअरिंगमागे बसले. विक्रमवीराची फाइल चढवायला अर्धं मिनिट लागलं. पहिली फेरी, एकशे अठ्ठ्याऐंशी. विक्रमवीराने मान वर केली. लगेच दुसरी, एकशे शहात्तर. लगेच तिसरी. खोलीत गरम हवा कोंडली होती, काचेला बोट लावलं तर कळत होतं. एकशे पासष्ट.

 आईच्या तोंडून निघून गेलं.

“अहो, म्हणजे हे पोट आत घेऊन दिलेलं माप झालं!”

मालकांनी गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “काय म्हणालात, मावशी?”

आता माघार कुठली! “बायका माप देताना श्वास धरतात, पोट आत ओढतात. टेपवर आकडा झकास येतो. मग कपडा घालून जेवायला बसल्या की शिवण उसवते आणि दोष माझा. म्हणून मी आधी त्यांना खाली बसवते, हात वर करायला लावते, दोन गोष्टी बोलायला लावते. श्वास सुटला की खरं माप.”

घोडेवाल्या बाई इतक्या मोठ्याने हसल्या की बाळ दचकलं. मालकांनी नकळत आपल्या पोटाकडे पाहिलं. मग तेही हसले. “ओढा पुढची,” म्हणाले, “म्हणजे मीच ओढतो.”

थंड होऊन, पुन्हा तापून भिंगरीची फाइल चढली. पहिली फेरी, एकशे एकोणऐंशी. दुसरी, एकशे एकोणऐंशी. तिसऱ्या फेरीला आईने नकळत श्वास धरला, आणि आपण श्वास धरलाय हे कळून सोडला. एकशे अठ्ठ्याहत्तर.

मालकांनी इंजिन बंद केलं.  मग उतरले, आले, दोन्ही कागदांवरच्या सहा रेघा बोटाने पुन्हा चढून पाहिल्या.

“बाई, तुम्हाला कुठली हवी?” त्यांनी घोडेवाल्या बाईंना विचारलं.

“हे काय विचारणं झालं? घाटाच्या टोकाला जी उरते ती.”

मालकांनी भिंतीवरचा एकशे अठ्ठ्याऐंशीचा कागद काढला. फाडला नाही, घडी करून विक्रमवीराच्या खिशात घातला. “उद्यापासून या भिंतीवर तिसऱ्या फेरीचा आकडा लागेल. ज्याचा त्याचा. मॅडम, सही.”

भिंगरीने पेन घेतलं, सही केली, आणि पेन विक्रमवीरापुढे धरलं.

“माझी कशाला?” तो म्हणाला.

“पेट्रोलचा तक्ता तुझाच ठेवलाय मी. एक चौकोन बदललेला नाही. इतका सफाईदार तक्ता मला रजेआधीही जमत नव्हता. ठिणगी माझी, पेट्रोल तुझं. कर सही.”

त्याने तिच्याकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, आणि सही केली. शेपूट या वेळी जरा आखूड आलं.

आईने बाळाला आणखी जवळ घेतलं. तिला वाटलं, लेक जिंकली असती तरी एवढा आनंद झाला नसता, आणि मग लक्षात आलं की ती जिंकलीच होती. पोरगी जिंकून वर जागा करून देत होती. कापड आखूड असताना दोन पोरांचे कपडे बेतणं सोपं नसतं, आणि हे कोणी हिला शिकवलेलं नाही. शिकवलं असेल तर आपल्याला माहीत नाही.

“भिंगरे,” ती हळूच म्हणाली. चारचौघांत घरचं नाव घ्यायचं नाही असं सकाळीच ठरलं होतं.

विक्रमवीराने ऐकलंच. “भिंगरी मॅडम?” त्याने तोंड गंभीर ठेवून विचारलं.

“आई!” भिंगरी कानापर्यंत लाल झाली.

घोडेवाल्या बाई गाडी घेऊन गेल्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला, तो विक्रमवीराने घेतला आणि सगळ्यांना ऐकवला. घाट चढला, एकही हॉर्न नाही, घोड्यांनी वरती पोचताच चारा खायला सुरुवात केली.

पण त्याआधीच दुपारी मालक काचेपाशी येऊन उभे राहिले होते, हात पाठीमागे बांधून. टायरांच्या ढिगाआड, खोक्यावर अवघडून बसलेल्या भिंगरीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि चटकन नजर वळवली.

“मावशी, खोली तिची झाली, ते ठीक. पण बाळाचं काय ते असं टायरांत नको. आतच एक आरामखुर्ची टाकतो. फक्त ही काच...” त्यांनी मान खाजवली. “पडदा शिवता का तुम्ही?”

“शिवते की.”

“किती कापड लागेल?”

भिंगरी पाजून उठली, तसं आईने बाळाला त्यांच्या हातात दिलं. एवढा मोठा माणूस एकदम ताठ झाला, जणू कोणी पेट्रोलने भरलेलं भांडं दिलंय. तिने पर्समधून टेप काढला, काचेच्या एका कडेला अंगठ्याने धरला आणि लेकीला सांगितलं, “दुसरं टोक धर गं. ओढू नकोस. सैल धर.”